सुईनंतरचें दुखणें



इंजेक्शन घ्यावयाचें म्हटलें कीं थोराचा काय अन् पोराचा काय, चेहरा थोडासा उतरतोच. परंतु सुई शिरते ती निमिषमात्र. धीराची परीक्षा पाहणारें दुखणें मागाहून येतें. दवाखान्यांतून हंसत परतलेला मनुष्य रात्रीं कूस बदलूं लागतो, तेव्हां त्याला कमरेखालच्या ठणक्याची जाणीव होते. किंवा दुसऱ्या दिवशीं सदऱ्याच्या बाहींत हात घालतांना दंड भरून आल्यासारखा वाटतो. मग घरांतील एक जण म्हणतो, 'चोळून काढा'. दुसरा म्हणतो, 'शेक द्या'. तिसरा म्हणतो, 'सुई चुकली'. या तिघांपैकीं कोणाचें ऐकावें हें ठरविण्यापूर्वीं स्नायूंत नेमकें काय घडतें, तें समजून घेणें अगत्याचें आहे.

पोकळ सुई आणि पिचकारी यांची जोडी वैद्यकांत रूढ होऊं लागली ती १८५३ सालापासून. त्या वर्षीं एडिंबरो येथें अलेक्झांडर वूड यांनीं आणि फ्रान्समध्यें शार्ल प्रावाझ यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, अशीं साधनें वापरलीं. कांहीं औषधें कातडीखालीं, कांहीं शिरेंत, तर कांहीं स्नायूंत सोडावयाचीं असतात. स्नायु म्हणजे बारीक तंतूंची जुडीच होय. त्या जुडींत सुई शिरते तेव्हां कांहीं तंतु दुखावतात, एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटून थेंबभर रक्त सांचतें, आणि आंत आलेल्या औषधाला जागा देण्यासाठीं भोंवतालचे तंतु ताणले जातात. औषध दाट किंवा दाहक असेल, तर या त्रासांत भर पडते. शरीर लागलीच दुरुस्तीच्या कामास लागतें. त्या जागीं रक्त धांवून येतें, किंचित् सूज येते आणि ठणका लागतो. हें दुखणें बहुधा एक ते तीन दिवसांत ओसरतें. दिवसेंदिवस तें कमी होत असेल, तर 'सुई चुकली' असें समजण्याचें कारण नाहीं.

लशीची गोष्ट थोडी निराळी आहे. धनुर्वाताच्या लशींत ॲल्युमिनियमचा क्षार घालतात. या क्षाराचा गुण अलेक्झांडर ग्लेनी यांनीं १९२६ सालीं दाखवून दिला. त्याच्या योगानें शरीराचें लक्ष लशीकडे अधिक वेधलें जातें. पण त्यामुळेंच कधीं कधीं त्या जागीं वाटाण्याएवढी टणक गांठ राहते. ती कित्येक आठवडे टिकली, तरी दुखत नसल्यास व वाढत नसल्यास तिला हात लावूं नये. ती आपोआप विरते.

या साऱ्या माहितीचें मोल विशेष जाणवतें, तें ऱ्हुमॅटिक तापानें आजारी पडलेल्या मुलांच्या बाबतींत. स्ट्रेप्टोकॉकस नांवाच्या जंतूंमुळें घसा धरतो, आणि कांहीं मुलांना त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं हा ताप येतो. सांधे सुजतात, ते बरेहि होतात. परंतु हृदयाच्या झडपांना पोंचलेली इजा मागें राहूं शकते, आणि पुनःपुन्हां ताप आला तर ती वाढत जाते. तो परत येऊं नये म्हणून बेंझाथीन पेनिसिलीनचें इंजेक्शन दर तीन किंवा चार आठवड्यांनीं, वर्षानुवर्षें, घ्यावें लागतें. हें औषध दुधासारखें पांढरें असून स्नायूंत अगदीं सावकाश विरघळतें, म्हणूनच त्याचा परिणाम आठवडेच्या आठवडे टिकतो. पण तें दाट असल्यामुळें दुखतेंहि अधिक. शाळेंत जाणारें पोर मग तारीख जवळ आली कीं 'या खेपेस नको' म्हणून रडतें, आईबापांचें मन द्रवतें आणि एक खेप चुकते. दोन दिवसांचें दुखणें टळतें. पण त्यानंतरचे दिवस हृदय उघडें पडतें. हा सौदा फार महागाचा आहे.

तेव्हां खेप टाळण्यापेक्षां दुखणें कमी करण्याचे उपाय योजावे. औषध शीतपेटींतून काढल्यावर त्याचा गारवा जाऊं द्यावा. कातडीवरचें स्पिरिट पुरतें वाळूं द्यावें. टोंचण्यापूर्वीं ती जागा अंगठ्यानें दहा सेकंद दाबून धरल्यास कळ कमी जाणवते. औषध घाईनें न ढकलतां दोन-तीन मिनिटें सावकाश सोडावें. मुलानें पालथें निजून पायांचे अंगठे आंत वळविले, कीं नितंबाचे स्नायु सैल पडतात. डावी व उजवी बाजू आलटून पालटून घ्यावी. कांहीं डॉक्टर हें औषध लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या द्रवांत कालवून देतात. तसें करणें योग्य कीं नाहीं, हें त्यांना विचारावें. विचारण्यांत संकोच धरूं नये.

घरीं आल्यावर करावयाचें फारसें अवघड नाहीं. पहिल्या दिवशीं फडक्यांत गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटें ठेवावी. दुसऱ्या दिवसानंतर हवा तर सोसवेल इतका ऊबदार शेक द्यावा. मात्र मधुमेहामुळें ज्यांची कातडी बधिर झाली आहे, त्यांच्या बाबतींत उष्णता दुसऱ्यानें हातानें तपासून पाहावी. हात किंवा पाय अगदीं निश्चल ठेवूं नये. हलक्या हालचालीनें स्नायु मोकळा होतो. जोरानें चोळणें मात्र टाळावें, कारण त्यामुळें फुटलेली रक्तवाहिनी पुन्हां वाहूं लागते. रक्त पातळ करणारें औषध घेणाऱ्यांनीं तें टोंचण्यापूर्वींच सांगावें आणि नंतर ती जागा कांहीं मिनिटें नुसती दाबून धरावी. ठणका फार असेल तर पॅरासिटामॉल चालतें. पण मुलांना तें वजनाच्या मानानें द्यावें, आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें. मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनानें देऊं नये. सुईच्या छिद्रावर तेल, हळद वा कसलाहि लेप लावूं नये.

आतां ज्या वेळीं घरगुती उपायांत वेळ दवडूं नये, त्या वेळा सांगावयाच्या. इंजेक्शनानंतर लगेच अंगावर गांधी उठल्या, ओंठ सुजले, श्वास कोंडला किंवा घेरी आली, तर ती तांतडीची वेळ समजावी; म्हणूनच टोंचून घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यांत बसणें श्रेयस्कर. दोन-तीन दिवसांनंतर दुखणें कमी होण्याऐवजीं वाढूं लागलें, जागा लाल व गरम झाली, ताप आला, तर आंत पू धरत असण्याचा संभव असतो. टोंचतांच असह्य कळ येऊन कातडीवर निळसर जाळें उमटलें, तर निकोलाऊ यांनीं १९२५ सालीं वर्णिलेली ती विरळ पण गंभीर अवस्था असूं शकते. नितंबांतून तळपायाकडे विजेसारखी चमक गेली, पायास मुंग्या आल्या किंवा पाऊल उचलेनासें झालें, तर मोठ्या मज्जातंतूस इजा झाल्याची शंका घ्यावी. खांद्याच्या अगदीं वरच्या बाजूस टोंचलें गेलें असतां हात वर करणें आठवडेच्या आठवडे कठीण जाऊं शकतें. त्याचीहि तपासणी करून घ्यावी.

शेवटीं एक गोष्ट. 'सुई दिली तरच खरें औषध' अशी समजूत कित्येक घरांत रुजलेली आहे. साध्या सर्दीसाठीं किंवा अंगदुखीसाठीं जिथें गोळीनें भागतें, तिथें सुईचा आग्रह धरणें म्हणजे दुखणें विकत घेणेंच होय. आणि जिथें सुईवांचून गत्यंतर नाहीं, तिथें दोन दिवसांच्या ठणक्यासाठीं ती चुकवूं नये. पुढच्या इंजेक्शनाची तारीख घरांतील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी, आणि त्या दिवशीं मुलाबरोबर घरांतील वडील माणसानें जावें.