त्वचेचा कर्करोग : एका रुग्णाचे अनेक डॉक्टर
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



जखम भरत नसली की आपल्याकडे माणूस आधी हळद लावतो, मग मलम लावतो आणि मग सुगी होईपर्यंत थांबतो. ज्वारीची काढणी कोणासाठी खोळंबत नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु लहानपणी भाजलेल्या पायाच्या व्रणात तीस-तीस वर्षांनी जखम उघडली, तर तो कर्करोग असू शकतो. तळपायावरील वाढत जाणारा काळा डागही दुर्लक्षू नये. धोतराच्या वा साडीच्या घट्ट गाठीखाली, कमरेवरही हा रोग होतो. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच त्याची नोंद केली होती. तेव्हा हा केवळ गोऱ्यांचा आजार, हा समज सोडलेला बरा.

निदान झाले की रुग्ण विचारतो, ‘आता कोणत्या डॉक्टरांकडे जाऊ?’ एका डॉक्टराने हे काम भागत नाही. त्वचारोगतज्ज्ञास शंका येते. निकाल मात्र सूक्ष्मदर्शकाखाली रोगनिदानतज्ज्ञ देतात. म्हणून कापून काढलेला तुकडा, कितीही लहान असो, तपासणीस गेलाच पाहिजे. तो टाकून दिला, तर कडेला रोग उरला आहे काय, हे पुढच्या शल्यविशारदास कळत नाही. दुसरे मत घ्यायचे असल्यास तपासणीचा ब्लॉक व काचपट्ट्या आवर्जून मागून न्याव्यात. अनेकांचे शस्त्रक्रियेवरच निभावते. काहींना कातडीरोपण, काहींना किरणोपचार लागतात. आपल्याच जिल्ह्यात बार्शीस नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. प्रत्येकाने मुंबईची गाडी धरण्याचे कारण नाही. खर्चासाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राची भेट घ्यावी.

या साऱ्यांत एक अडचण आम्हाला वारंवार भेटते. नातेवाईक दाराआड येऊन हळूच सांगतात, ‘त्यांना रोगाचे नाव कळू देऊ नका.’ त्यामागील माया आम्हाला कळते, पण आम्ही ते मान्य करीत नाही. ज्याला रोगाचे नाव ठाऊक नाही, तो टाके सुकले की बरा झालो असे मानतो आणि फेरतपासणीस येत नाही. पुढे काखेत वा जांघेत गाठ आली, तरी ती कोणाला दाखवावी हे त्याला सुचत नाही. उपचार करणाऱ्यांच्या मंडळात रुग्णाची स्वतःची जागा पहिली आहे. ड्रेसिंग करणारी सून, गावची आशाताई यांची त्यानंतर.

मोठ्या रुग्णालयात दर खेपेस नवे डॉक्टर भेटतात. सर्व कागद एकत्र राखणारे कोणीतरी गावाजवळ हवे. ते काम आमच्याकडे द्यावे. पुढील तपासणीची तारीख आम्ही फाइलच्या पहिल्या पानावर लिहून देतो, चष्म्याविना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.