गेज लावले की हवा का जाते?

(जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



भाव, कर्ज आणि विजेचे बिल यांवर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आज टायरमधल्या हवेवर बोलायचे आहे. विषय लहान वाटेल. पण कापूस वेचून झाला, ट्रॉली भरली, बाजार बरा आहे असा निरोप आला आणि पहाटे पाहावे तर चाक बसलेले! त्या दिवसाचा भाव हुकतो आणि हमालांचा खोळंबा अंगावर पडतो. शिवाय भरल्या वजनाखाली बसलेल्या चाकात ट्यूब रिंगेत सापडून फाटते, ते वेगळेच. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पाऊस नाही, भावही नाही. चाकातली हवा तेवढी आपल्या हातात आहे. तीही फुकट का घालवायची?

गावात हवा पाहायची रीत म्हणजे चाकाला लाथ मारणे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात शेतकामाला साधारण १२ ते १४ पौंड हवा लागते. त्यातली ३-४ पौंड गेली तरी चाक डोळ्याला भरलेलेच दिसते. म्हणून गेज हवे. आणि गेज म्हटले की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते : "गेज लावले की फुस्स होऊन हवा जाते, लावण्यापेक्षा न लावलेले बरे." या तक्रारीचा आज निकाल लावू.

आधी वालची रचना समजून घ्या. वालच्या नळीत स्क्रूसारखी आटे असलेली एक बारीक पिन बसवलेली असते. तिची स्प्रिंग वर ढकलते आणि खालचे रबर हवेची वाट बंद ठेवते. गेजच्या तोंडात एक खुंटी असते, ती ही पिन दाबते आणि वाट उघडते. त्याच वेळी गेजच्या तोंडातला रबरी वायसर वालच्या काठावर घट्ट बसला, तर हवा फक्त गेजमध्ये जाते. म्हणजे लावताना आणि काढताना क्षणभर फुस्स होणे हा दोष नाही. ट्रॅक्टरच्या मोठ्या ट्यूबला त्याने काही फरक पडत नाही. मोटारसायकलच्या ट्यूबमध्ये हवाच थोडी, तिथे मात्र पाच-सहा वेळा गेज लावले तर आकडा खाली येतो.

आता दोष कसा ओळखायचा? आवाज कधी येतो त्यावर.

गेज दाबून धरले असतानाही आवाज चालू राहिला, तर दोष गेजचा किंवा आपल्या हाताचा. गेज तिरपे बसले असेल. वालच्या सरळ रेषेत धरून एका दमात दाबा. तरीही आवाज आला तर गेजचा वायसर पाहा. उन्हात तो कडक होतो, चिरतो. वालच्या तोंडावर काळी माती असेल तर ती पुसा. लागोपाठ तीनदा मोजा. तिन्ही आकडे वेगळे आले तर गेज नीट बसत नाही असे समजा. तिन्ही सारखे आले, पण दुसऱ्या गेजशी जुळत नाहीत, तर दोहोंपैकी एक गेज चुकीचे आहे. तिसऱ्याशी ताडून पाहा.

इथेच खरा धोका आहे. हवा बाजूने निसटत असेल तर गेज कमी आकडा दाखवते. आपण समजतो हवा कमी आहे आणि आणखी भरतो. मग ट्रॅक्टरचे चाक शेतात जागेवर फिरते, माती जास्त दाबली जाते, आणि ट्रॉलीचे ताठ चाक दगडावर आपटून आतून फाटते.

गेज काढल्यावरही आवाज थांबला नाही, तर दोष वालपिनेचा. बहुधा पिनेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. हवेच्या नळीने एक-दोन झटके द्या, कण उडून जातो. नाही गेला तर पिन ढिली आहे का पाहा. दोन दाते असलेल्या टोपणाने ती हलकेच आवळता येते. जोर लावू नका, आटे बारीक असतात. तरीही गळती असेल तर पिन बदला. वजन चाकावर असताना पिन काढायची नाही. आधी ट्रॉली जॅकवर घ्या. हवा आधी सोडा, पिन काढताना तोंड बाजूला ठेवा.

आवाज नाही, पण रात्रीतून हवा जाते, तेव्हा साबणाचे पाणी लावा. वालच्या तोंडात बुडबुडा फुगला तर पिन. वालच्या बुडाशी, रिंगेच्या भोकातून बुडबुडे आले तर गळती ट्यूबची आहे. वालचे बूड फाटलेले असू शकते किंवा पंक्चरची हवा तिथून बाहेर पडत असते. अशा वेळी पिना बदलून उपयोग नाही, ट्यूब काढावीच लागेल. वालवर टोपण नेहमी ठेवा. ते धूळ अडवते.

मागच्या चाकात पाणी भरले असेल तर चाक फिरवून वाल वरच्या बाजूला आणा आणि मगच गेज लावा. वाल खाली असेल तर पाणी गेजमध्ये शिरते, गेज गंजते आणि पाण्याच्या उंचीमुळे आकडाही एक-दोन पौंड जास्त येतो.

हवा सकाळी, चाक थंड असताना मोजा. रस्त्यावरून आल्याबरोबर आकडा चढलेला असतो. तो पाहून हवा सोडली तर रात्री चाक कमी भरते. किती हवा हवी ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. टायरवर छापलेला आकडा बहुधा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो. ट्रकचे गेज १२ पौंडाला भरवशाचे नसते, ट्रॅक्टरसाठी कमी दाबाचे वेगळे घ्या. टायरच्या बंडीलाही हाच नियम. हवा कमी असलेली बंडी ओढताना बैल दमतो.

भावांनो, उत्पादन खर्चाच्या सरकारी हिशेबात अवजारांची घट आणि दुरुस्ती धरली जाते. पण आपण आपली ट्यूब, पंक्चर, हुकलेला दिवस कुठे लिहून ठेवतो? लिहिले नाही ते मागता येत नाही. म्हणून दोन कामे घेऊन घरी जा. गावाच्या शाखेने वर्गणीतून एक चांगले गेज, दात्यांचे टोपण आणि दहा-बारा वालपिना घ्याव्यात. आणि प्रत्येकाने चाकावर झालेला खर्च तारखेसह वहीत मांडावा. पुढच्या बैठकीला वही सोबत आणा. भावाच्या मागणीला तीच आपली साक्ष होईल.