इंग्रजीची शिकवणी आणि आपली मुले
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



खाजगी वर्गांतून मुलांस इंग्रजी शिकविण्याविषयी आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय घरोघरचा आहे. हिंगोली-वसमतच काय, सेनगाव-औंढ्यासही आता शिकवणीचे फलक झळकतात.

आपल्या भागास इंग्रजीची धास्ती वाटते ती उगीच नव्हे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. घरी मराठी, शिक्षणात उर्दू आणि वर इंग्रजी, अशी कसरत आपल्या वाडवडिलांनी केली. पुढे २००० साली महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून इंग्रजी आणले खरे, परंतु घरात ती बोलणार कोण? ती उणीव भरण्यास हे वर्ग निघाले.

वर्गात बहुधा चालते ती स्पेलिंगांची घोकंपट्टी, क्रियापदांची तीन रूपे आणि आयते निबंध. आपली देवनागरी बव्हंशी उच्चाराप्रमाणे लिहावयाची. इंग्रजीत 'पुट' आणि 'बट' यांतील स्वराचे अक्षर एकच, उच्चार मात्र दोन! 'ए' आणि 'द' ही उपपदे तर मराठीत नाहीतच. अशा जागी अडखळणाऱ्या मुलास जो मठ्ठ म्हणतो, त्यास आम्ही शिक्षक मानीत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर पूर्वी पिढ्या शिकल्या. ती शिस्त आजही टाकाऊ नाही. मात्र केवळ तिने मुलाचे तोंड उघडत नाही. म्हणून पालकांनी फी विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे, की तासाभरात आमचे मूल स्वतः किती वाक्ये बोलेल? साठ मुले कोंबलेल्या खोलीत याचे उत्तर काय मिळणार, हे सांगावयास नको.

आता थोडे कटू बोलतो. हळदीचे पैसे हाती येताच मुलाची फी भरली जाते, आणि मुलीस सांगण्यात येते, "तुझे दादाच्या वहीवरून भागेल." ती हळद वेचताना मात्र मुलीचे हात चालतात!

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारावयाची आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तीस २६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा शास्त्राचा व्यवहार इंग्रजीतून चालतो. त्या दारी आपल्या मुलामुलींनी केवळ पहारा करावा काय?

आमची सूचना अशी. मंडळाच्या सभागृहात रोज सायंकाळी एक तास वर्ग भरवावा. एका वर्गात पंधराच मुले घ्यावीत, निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात, आणि पहिले तीन महिने केवळ बोलणे व ऐकणे शिकवावे. फी ऐपतीप्रमाणे घ्यावी. आपल्यात सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांनी आपली नावे भोजनापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत. कागद त्यांच्या मेजावर ठेवला आहे.