ज्यांचा रविवार कामाचा, त्यांच्या स्पर्धा



थंडी ओसरायला लागली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावात टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धांचे फलक लागतात. प्रवेश फी, पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, मालिकावीर, आणि खाली ठरलेली सूचना : उपांत्य आणि अंतिम सामने रविवारी. ती लिहिताना संयोजकांचा हिशेब सरळ असतो. रविवारी सुट्टी असते, सुट्टीला गर्दी होते. पण या एका सूचनेनं गावातले कितीतरी चांगले खेळाडू नाव नोंदवायच्या आधीच बाद होतात, आणि आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

कापड दुकानात काउंटरमागं उभा असलेला मुलगा पाहा. लग्नसराईतला रविवार म्हणजे त्याचा सगळ्यांत मोठा दिवस. गिऱ्हाईक बस्ता बांधायला बसलेलं असतं, तो एकामागून एक साड्या उलगडतो, घड्या घालतो, पुन्हा उलगडतो. मैदानावरच्या लाऊडस्पीकरवरून समालोचन दुकानापर्यंत ऐकू येतं. कोण बाद झालं ते त्याला कळतं, त्या जागी आपण काय केलं असतं तेही कळतं. पण हातातली घडी सोडता येत नाही. हायवेवरच्या ढाब्यावरचा आचारी, मेडिकलमधला पोरगा, दवाखान्यातल्या सिस्टर, बंदोबस्तावरचे पोलीस, सगळ्यांचं असंच. आमच्या एसटी आगारातला मुक्कामी गाडीचा वाहक शनिवारची रात्र खेड्यात काढतो आणि रविवारी पहाटे तिथूनच गाडी काढतो. त्याची सुट्टी ड्यूटीच्या तक्त्यावर असते, कॅलेंडरवर नाही. आणि घरातल्या बाईला रविवारी सगळे घरी असल्यामुळं उलट दुप्पट काम पडतं. मुलींच्या स्पर्धा ठरवताना तरी हे लक्षात घ्यायला हवं.

रविवारच्या सुट्टीचं मोल मला कमी करायचं नाही. ती सहज मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सहा वर्षं मागणी लावून धरली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढं सुट्ट्या वाढत गेल्या. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. पण दुकानातल्या कामगाराचा वार वेगळा. दुकानं आणि आस्थापनांविषयीचा राज्याचा 2017 चा कायदा आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी देतो, ती कोणत्याही वारी देता येते, आणि हे बंधन आधी दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी होतं, 2025 च्या दुरुस्तीपासून वीस किंवा त्याहून जास्त. आमच्या बाजारपेठेत एवढी माणसं कामाला असलेली दुकानं किती? बहुतेक ठिकाणी दोन नाहीतर तीन पोरं. त्यांची सुट्टी मालकाच्या शब्दावर. म्हणून स्पर्धा त्यांच्या वेळेत बसवणं हे मला संयोजकाचं कामच वाटतं.

ते जमतं कसं, हे थोडं सविस्तर सांगतो. प्रवेश अर्जावर नाव, वय, मोबाइल याखाली एक रकाना वाढवायचा : सुट्टीचा वार आणि मोकळी वेळ. अर्ज जमा झाले की वारांप्रमाणे गट पाडायचे आणि लॉट्स त्या गटातच काढायचे. सहा षटकांचा सामना साधारण तासाभरात उरकतो. सकाळी सहाला नाणेफेक केली तर दोन सामने खेळून खेळाडू आंघोळ करून नऊला दुकानात हजर राहू शकतो. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा खेळायलाही हीच वेळ बरी. आणि बाद पद्धत टाळावी. एक सामना हुकला की संपलं, असं असेल तर ज्याची सुट्टी ऐनवेळी रद्द होते तो पुढच्या वर्षी अर्जच भरत नाही. सहा आठवडे साखळी ठेवा आणि प्रत्येकाच्या सर्वांत चांगल्या चार सामन्यांचेच गुण धरा. दोन आठवडे हुकले तरी माणूस स्पर्धेत राहतो.

खेळ कोणता निवडतो, यावरही बरंच अवलंबून आहे. अकरा जणांची सुट्टी एका वेळी जुळवणं फार कठीण. जिथं प्रत्येकाचे गुण स्वतंत्र मोजले जातात, तिथं ही अडचणच उरत नाही. डिस्क गोल्फ नावाचा खेळ मला त्यासाठी फार आवडतो. प्लॅस्टिकची चपटी तबकडी फेकायची. जिथं पडेल तिथून पुढची फेक. साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत ती कमीत कमी फेकींत पोहोचवायची. अशा 9 किंवा 18 टोपल्या. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याचं पहिलं कायमचं मैदान आखलं. तिथल्या स्पर्धाही मुख्यतः शनिवार-रविवारीच होत आल्या, आणि हॉटेलात, दवाखान्यात काम करणाऱ्यांची अडचण आपल्यासारखीच. त्यावर तिथं एक सोय आहे : तीन-चार जण जमले की त्यांनी आपल्या वेळेला खेळ सुरू करावा, फेकी मोजाव्या, एकमेकांच्या आकड्यांची खातरजमा करून तक्ता जमा करावा. सकाळी खेळलेला आणि संध्याकाळी खेळलेला, दोघांची तुलना एकाच यादीत होते. आमच्याकडं मोकळ्या माळाची वाण नाही, आणि साखळ्यांची टोपली कुठलाही वेल्डिंगवाला बनवून देईल. एखाद्या मंगळवारी पहाटे चार पोरं खेळून जातील, गुरुवारी दुसरी चार.

बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच परततात. तालुक्यातली काटक, चपळ पोरं त्या काळात फडात असतात. जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेल्या स्पर्धेला वार कोणताही ठेवा, त्यांच्या उपयोगाचा नाही. एक तरी स्पर्धा टोळ्या परतल्यावर आणि पेरणीच्या आधी, मे महिन्यात घ्या. तेवढ्याच आठवड्यांत ती पोरं गावात सापडतात.

आणि संयोजकांना शेवटची विनंती बक्षीस समारंभाबद्दल. तो पाहुण्यांच्या सोयीनं रविवारी संध्याकाळी ठेवू नका. विजेत्याला विचारा, तू दुकानातून किती वाजता सुटतोस. तो रात्री साडेनऊ म्हणाला तर समारंभ साडेनऊला ठेवा आणि पाहुण्यांना तीच वेळ कळवा.