भोपळ्याची राखण

गेल्या वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें मला अमेरिकेंतील न्यू जर्सीहून दूरध्वनि केला. तिच्या आवाजांत रडें दाटलेलें होतें. तिकडे ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं हॅलोविन नांवाचा सण असतो. त्या सणाकरितां तिनें एक मोठा तांबडा भोपळा कोरून त्याला डोळे, नाक व तोंड पाडलें होतें आणि आंत दिवा ठेवून तो दाराशीं मांडला होता. सण उजाडण्यापूर्वींच भोपळ्याच्या तोंडांत काळी बुरशी आली, गाल आंत ओढले गेले आणि पांचव्या दिवशीं तो जागच्या जागीं बसला. "आजोबा, तुमच्या माळ्यावर कोहळीं महिनोन्‌महिने राहतात. मग माझेंच कां कुजलें?" असा तिचा प्रश्न होता.

तिला त्या वेळीं मीं दोन शब्दांत उत्तर दिलें. तें पुरेसें नव्हतें. आज तेंच उत्तर आपणांपुढें सविस्तर मांडावयाचें आहे. तें मला पुस्तकांतून मिळालें नाहीं; एका चुकीची किंमत देऊन शिकावें लागलें, आणि ती किंमतहि मीं दिली नाहीं, दुसऱ्या कोणी दिली.

प्रथम नांवांचा घोटाळा निस्तरूं. आम्हां चंद्रपूर-गडचिरोलीकडील लोकांच्या तोंडीं 'कोहळें' म्हणजे तांबडा भोपळा. पुण्या-साताऱ्याकडे 'कोहळा' म्हणजे अंगावर पांढरी भुकटी धरणारें, पेठा करण्याचें फळ. तिसरा दुध्या, त्याच्याच कडू जातीचीं फळें वाळवून तुंबे करतात. तांबडा भोपळा मूळचा अमेरिकेंतला, कोलंबसाच्या सफरीनंतर इकडे आलेला; दुध्या मूळचा आफ्रिकेंतला, पण आपल्या देशांत हजारों वर्षांचा रहिवासी. तिघेहि एकाच कुळांतले, आणि तिघांचेंहि संरक्षण एकच वस्तु करते : त्यांची टणक साल.

हॅलोविनचा सण आयर्लंडकडील लोकांनीं अमेरिकेंत नेला. मायदेशीं ते सलगमाचे कंद कोरून दिवे करीत. नव्या देशांत त्यांना भोपळा सांपडला, तो कोरावयास अधिक सोपा होता. दाराशीं भेसूर मुखवटा ठेवला म्हणजे भुतेंखेतें फिरकत नाहींत, अशी त्यामागील समजूत. आपणहि घराला दृष्ट लागूं नये म्हणून दारावर कोहळा टांगतोंच. समजूत जवळजवळ एक. परंतु आपला कोहळा महिनोन्‌महिने टिकतो आणि माझ्या नातीचा भोपळा पांच दिवस. कारण एवढेंच कीं आपण तो अखंड टांगतों.

वेलावरून तोडलेलें फळ लगेच मरत नाहीं. तें मंदपणें श्वसन करीत असतें, आणि साल शाबूत असेपर्यंत बुरशीला आंत शिरावयास वाट मिळत नाहीं. म्हणून अखंड भोपळा राखणें म्हणजे त्याची साल आणि देठ राखणें होय. फळ पुरतें जून झाल्यावरच तोडावें. देठ वाळून लांकडासारखा झाला व सालीवर नख रुतेनासें झालें, म्हणजे तें जून झालें असें समजावें. देठ चार बोटें राखून कापावा आणि फळ कधींहि देठाला धरून उचलूं नये. देठ निखळला कीं तेथूनच कुजण्यास आरंभ होतो. तोडल्यावर आठ-दहा दिवस फळ कोरड्या, उबदार व वारा खेळत्या जागीं ठेवावें, म्हणजे सालीवरील बारीक ओरखडे भरून येतात. नंतर तें सावलींत न्यावें.

थंड देशांत याकरितां १० ते १३ अंश सेंटिग्रेड उष्णतामानाची कोरडी खोली वापरतात. त्याहून अधिक गारठा फळाला बाधतो. यासाठीं अखंड भोपळा शीतकपाटांत ठेवूं नये. आपल्याकडे तशी खोली कोठून मिळणार? आपण निदान ओल आणि ऊन टाळावें. फरशीवर किंवा जमिनीवर न ठेवतां तणसावर अथवा बांबूच्या ताटीवर, एकमेकांस लागणार नाहींत अशा बेतानें, एकाच थरांत फळें मांडावीं. पिकणारीं केळीं किंवा सफरचंदें शेजारीं ठेवूं नयेत. पांढऱ्या कोहळ्यावरील भुकटी पुसूं नये. ती मेणासारखी असते व फळाच्या उपयोगाची असते. आठवड्यांतून एकदां प्रत्येक फळ हातीं घेऊन बुडाशीं दाबून पाहावें. मऊ लागेल तें दूर करावें, कारण एक कुजकें फळ शेजारच्यांनाहि बिघडवितें. इतकी काळजी घेतल्यास चांगला जून भोपळा दोन-तीन महिने सहज राहतो; कित्येकदां पांच-सहा महिनेहि.

आतां कोरलेल्या भोपळ्याकडे वळूं. सुरी लागली कीं तटाला खिंडार पडलें. आंतील गर ओला व गोड. बुरशीला याहून चांगलें शेत कोणतें? असा भोपळा टिकविणें म्हणजे केवळ कुजणें लांबविणें होय. तें असें : सणाच्या आधीं एक-दोन दिवसच कोरावा. आंतील तंतु व गर खरवडून भिंत सुमारें बोटभर जाडीची ठेवावी. चार लिटर पाण्यांत कपड्यांचें विरंजक द्रव एक मोठा चमचा मिसळून त्यानें आंतबाहेर धुवावा आणि पुरता कोरडा करावा. कापलेल्या कडांस व्हॅसलीन लावावें, म्हणजे त्या लवकर सुकून आक्रसत नाहींत. दिवसा उन्हांत ठेवूं नये, आणि ज्योतीऐवजीं विजेचा लहान दिवा लावावा. ज्योतीच्या आंचेनें गर शिजतो. असा भोपळा आठ-दहा दिवस तोंड धरून राहील. मात्र तो पुढें खाण्यास घेऊं नये.

परंतु या सर्वांच्या आधीं करण्याची एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठींच मला माझी चूक सांगावयाची आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं मी भामरागडच्या बाजूस एका शाळेंत शिक्षक होतों. दिवाळी जवळ आली होती. मुलांकडून कागदी आकाशकंदिलाऐवजीं तुंब्याचे दिवे करवून घ्यावे, असें माझ्या मनानें घेतलें. मीं वर्गांत सांगितलें, "घरून मोठ्यांत मोठा तुंबा आणा." दुसऱ्या दिवशीं एका माडिया मुलानें लांब मानेचा, सुरेख घाटाचा तुंबा आणला. साल टणक होती, पण आंतला गर अद्याप ओला होता. मीं त्याला सुरीनें नक्षीची जाळी पाडली, गर बियांसकट शाळेमागील खड्ड्यांत टाकला आणि आंत पणती लावली. मुलें हरखून गेलीं, मीहि हरखलों. चौथ्या दिवशीं त्याला घाण सुटली. मीं तो त्याच खड्ड्यांत टाकविला आणि शनिवारीं, नेहमींच्या रिवाजाप्रमाणें, खड्ड्यांतील कचरा पेटविला गेला.

सोमवारीं त्या मुलाची आजी शाळेंत आली. ती माडिया बोले. मुलगा मला मराठींत सांगे. "गुरुजी, आजी म्हणते, दिवा राहूं द्या, बिया तेवढ्या परत द्या." तेव्हां मला उमगलें. वेलावरचें सर्वांत चांगलें फळ बियाण्यासाठीं राखून ठेवलेलें असतें. मीं 'मोठ्यांत मोठा' म्हटलें आणि मुलानें गुरुजींची आज्ञा शब्दशः पाळली होती. मीं आजीला खड्डा दाखविला. ती कांहीं वेळ राखेकडे पाहत राहिली, आणि एक शब्दहि न बोलतां परत गेली.

मीं आठवडी बाजारांतून दोन तुंबे आणून तिला दिले. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा रस्ता बंद पडतो. पेरणीच्या वेळीं जें घरांत नाहीं तें बाहेरून मिळणें कठीण. तिनें बाजारच्या तुंब्यांतील बिया पेरल्या. वेल आला, फळें धरलीं. परंतु तीं गोल होतीं, त्यांना मान नव्हती. मानेला दोरी बांधून तुंबा खांद्यावर टांगतात आणि शेतांत किंवा रानांत जातांना त्यांतून पाणी, पेज, आंबील नेतात. गोल तुंब्याला दोरी कशी बसावी? फळाची भरपाई मला करतां आली. वाणाची आली नाहीं.

तरीहि तुंबा कसा करावा हें मला त्याच आजीनें पुढच्या वर्षीं शिकविलें. फळ वेलावरच वाळूं द्यावें. हलविल्यावर आंत बिया खुळखुळल्या म्हणजे देठाशीं भोंक पाडून प्रथम बिया काढून घ्याव्या. मग पाणी भरून कांहीं दिवस ठेवावें. उरलेला गर कुजून सुटतो. खडे घालून, खळखळून तो ओतून टाकावा. कडूपणा जाईपर्यंत पुनःपुन्हां धुवावें, उन्हांत वाळवावें आणि चुलीवर धुरांत टांगावें. नक्षी काढावयाची ती तापलेल्या सुरीच्या टोकानें, वाळल्यानंतरच. बस्तरमधील कारागीर असेच जाळीदार दिवे करतात. मिरजेच्या ज्या सतारी व तंबोरे यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांचे भोपळेहि पंढरपूरच्या बाजूस पिकवून असेच वाळविलेले असतात; ते पिढ्यान्‌पिढ्या वाजतात. एक इशारा मात्र देऊन ठेवतों : दुध्या चाखून कडू लागला तर त्याची भाजी किंवा रस कदापि पोटांत घेऊं नये, तो कडूपणा विषारी असतो.

आतां रानांतून हिंडणाऱ्यांच्या खांद्यावरहि प्लॅस्टिकची बाटली दिसूं लागली आहे. तिला मीं नांवें ठेवीत नाहीं. ती हलकी आहे, फुटत नाहीं. पण तुंबा लागेनासा झाला कीं वेल लावला जात नाहीं, आणि वेल लावला नाहीं कीं दोन-चार वर्षांत बीं रुजेनासें होतें.

यंदा माझ्या नातीनें पुन्हां भोपळा कोरला. त्याआधीं तिनें बिया काढल्या, धुतल्या, सावलींत वाळविल्या आणि कागदाच्या पाकिटांत भरून वर साल लिहिलें. भोपळा नऊ दिवस टिकला, असें तिनें मोठ्या अभिमानानें कळविलें. मीं तिला विचारलें तें पाकिटाविषयीं. तें कोरड्या जागीं आहे ना, एवढेंच.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांचें गांवाकडे घर असेल, आणि त्या घराच्या माळ्यावर एखादें जुनें कोहळें किंवा तुंबा असेल. पुढच्या खेपेस गेलांत तर तो कोणी, कशासाठीं ठेवला आहे, हें विचारल्याखेरीज त्याला सुरी लावूं नका. लांब मानेचा तो तुंबा मला त्यानंतर त्या गांवांत दिसला नाहीं.