आधी विचारायचं, मग हात लावायचा

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



ओळख करून देताना ताईंनी मला ‘डॉक्टर’ म्हटलं. माझ्या आईला हे अजून पटत नाही. ‘औषध देत नाहीस, सुई टोचत नाहीस, मग डॉक्टर कसली?’ असं ती विचारते. तिथूनच सुरुवात करते.

लग्नानंतर मी अमेरिकेत गेले, नवऱ्याच्या व्हिसावर. त्यावर मला नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. बी.एस्सी. होते. राहिलेले विषय तिथल्या कॉलेजात पुरे केले आणि ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ला प्रवेश घेतला. पदवीनंतरचा हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. ही पीएच.डी. नव्हे. इथे रुग्णाला तपासून उपचार करायला शिकतात.

तिथे हा व्यवसाय बायकांनी उभा केला. पहिल्या महायुद्धात जायबंदी सैनिकांना पुन्हा कामाला लावण्यासाठी लष्कराने बायका नेमल्या. 1921 साली मेरी मॅकमिलन यांच्या अध्यक्षतेखाली त्यांची संघटना झाली. अनेक दशकं त्यांनी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच काम केलं. 1993 साली नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठात ही डॉक्टरेट सुरू झाली आणि 2016 पासून नव्याने थेरपिस्ट होणाऱ्यांसाठी तिथल्या सर्व मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत तीच पदवी आहे.

पहिल्या वर्षी शवविच्छेदन, मग एकमेकींच्या अंगावर सराव. पहिला धडा असा, की आधी विचारायचं, मग हात लावायचा. ‘तुमच्या खांद्याला हात लावते, चालेल?’ दर वेळी विचारायचं. मला नवल वाटलं. माझ्या अंगाबद्दल मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

नंतर दवाखान्यातलं शिक्षण, किमान तीस आठवडे पूर्णवेळ. मला त्याचा पगार नव्हता, उलट तेवढ्या आठवड्यांची फी भरायची होती. मार्गदर्शक थेरपिस्टच्या शेऱ्यावर पास-नापास ठरणार.

एका वृद्धांच्या शुश्रूषागृहात माझ्याकडे खुब्याचं हाड मोडलेले एक गृहस्थ होते. त्यांना उभं करताना कमरेचा पट्टा धरून अगदी जवळ उभं राहावं लागे. पहिल्या दिवशी त्यांचा हात माझ्या छातीला लागला. तोल गेला असेल, असं मी समजले. तिसऱ्या दिवशी शंका उरली नाही. मार्गदर्शक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हसून सोडून दे. आम्हा सगळ्यांचंच होतं.’

मी आठवडाभर गप्प राहिले. आपल्या शिबिरांत बायकांना ‘बोला’ म्हणणं सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या हातात माझे गुण होते आणि डोक्यावर कर्ज होतं.

शेवटी तारीखवार लिहून काढलं आणि कॉलेजातल्या समन्वयक बाईंना दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सोबतीला एक सहायक द्यायला लावला आणि त्या गृहस्थांना काय सांगायचं तेही शिकवलं: ‘दोन्ही हात वॉकरवर. हात सुटला, तर आजचं काम इथेच थांबेल.’ मी सांगितलं. त्यानंतर त्यांचा तोल एकदाही गेला नाही!

मी पास झाले. पण शेऱ्यात लिहून आलं, ‘रुग्णांशी जुळवून घेण्यात कमी पडते.’

आज इथे नर्स आहेत, आया आहेत, घरी जाऊन आजाऱ्यांचं करणाऱ्या आहेत. आपलं सगळ्यांचं काम दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याचं. म्हणून आपलं अंग कुणाच्या हक्काचं होत नाही. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात शिकाऊ बाई येते, बिनपगारी काम करणारीही येते. रुग्णालय आणि नर्सिंग होमही त्यात आहे.

तुमच्या गावात नर्सिंगचं किंवा फिजिओथेरपीचं कॉलेज असेल, तर तिथल्या मुलींना भेटा. तक्रार समितीवर कोण आहे हे त्यांना माहीत आहे का, एवढंच विचारा. माहीत नसेल, तर त्यांच्याबरोबर प्राचार्यांकडे जा. एकटीला पाठवू नका.