छप्पन्न टोकं आणि एक कोरा रकाना

मागच्या आठवड्यात गटांचे माहितीचे फॉर्म माझ्याकडे जमा झाले. त्यात 'कौशल्य' असा एक रकाना होता. निम्म्याहून जास्त फॉर्मवर तो कोराच आला. काहींनी लिहिलं होतं, 'काही नाही'. त्यावरून मला माझ्या मावसभावाची गोष्ट आठवली. ती जरा वेगळी आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

माझा मावसभाऊ जपानला, टोकियोत असतो. कॉम्प्युटरचं काम करतो. लहानपणी त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. त्यात सर्कशीतला विदूषक सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारायचा. तुमच्यापैकी कुणाच्या पोरांनी, भावांनी तो खेळलाही असेल. 'सर्कस चार्ली' त्याचं नाव. कोनामी या जपानी कंपनीने १९८४ साली तो आधी मोठ्या मशीनसाठी काढला होता. नाणं टाकायचं आणि उभ्याने खेळायचं, असं कपाटाएवढं मशीन. टोकियोच्या अकिहाबारा बाजारात अशा जुन्या गेमचे बोर्ड अजून विकायला असतात. भावाने हौसेने त्यातला एक घेतला. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राकडे मशीन होतं. पण बोर्ड त्या मशीनला बसेना.

कारण सांगते. पूर्वी मोबाईलच्या प्रत्येक चार्जरची पिन वेगळी असायची, आठवतं ना? तसंच तिकडे होतं. बोर्डाच्या एका कडेला तांब्याच्या टोकांची पट्टी असते. वीज, चित्र, आवाज, खेळण्याची बटणं, सगळं त्या टोकांतून जातं. पण कुठल्या टोकाला काय, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. गेम बदलायचा तर मशीनमधली वायरिंग बदलावी लागे. मग १९८५ साली तिथल्या मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेने एकच मांडणी ठरवली. संघटनेच्या नावावरून तिला 'जॅमा' म्हणतात. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८, अशी ५६ टोकं. मित्राचं मशीन जॅमाचं होतं. भावाचा बोर्ड त्याच्या आधीचा, १८ आणि १८, एकूण ३६ टोकांचा.

यावर उपाय म्हणजे मधला जोड, म्हणजे अॅडॉप्टर. एका अंगाला ५६ टोकांची पट्टी, ती मशीनमध्ये जाते. दुसऱ्या अंगाला ३६ टोकांची खाच, तिच्यात जुना बोर्ड बसतो. मध्ये फक्त वायरी. बोर्डाला कात्री नाही, मशीनलाही नाही. ब्लाऊज शिवताना आपण आत माया ठेवतो, तसंच हे. उद्या जोड काढला तर दोन्ही वस्तू जशाच्या तशा.

भावाचा फोन आला, "ताई, तू वायरींचं काम केलंयस ना? जरा बघ."

लग्नाआधी मी चाकणजवळच्या एका कारखान्यात तीन वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय. तिथे आम्हाला 'हेल्पर' म्हणत. बी.ए. झाले, गटाचं काम लागलं, आणि ती तीन वर्षं मी कुठल्याच कागदावर लिहिली नाहीत.

मी त्याला कारखान्यातली रीतच सांगितली. आधी कागदावर तक्ता कर. डावीकडे जुन्या बोर्डाची टोकं, उजवीकडे जॅमाची. जॅमाच्या एका बाजूला आकडे असतात, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं. त्यात आय आणि ओ ही अक्षरं गाळलेली असतात, १ आणि ० शी गल्लत होऊ नये म्हणून. विजेच्या आणि ग्राउंडच्या वायरी जाड घे, बाकीच्या बारीक चालतील. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी लाव. डाख दिल्यावर वायर हलकेच ओढून बघ. आणि शेवटचं, बोर्ड न लावता वीज सोडायची आणि मीटरने खाच तपासायची.

डाख देऊन झाल्यावर त्याने व्हिडिओ कॉलवर मीटर लावला. तक्त्यात जिथे ५ व्होल्ट हवेत, तिथे शून्य. पलीकडच्या टोकाला मात्र ५. तो म्हणाला, "मीटर बिघडला वाटतं." मी म्हटलं, "मीटर नाही बिघडला. तू खाच मागच्या अंगाने बघून आकडे टाकलेस." मैत्रिणींनो, भरतकामाचं कापड उलटं केलं की डावीकडचं फूल उजवीकडे जातं ना? तेच झालं होतं. त्या बोर्डावरच्या चिपा ५ व्होल्टवर चालतात. मशीनमधून आवाजासाठी १२ व्होल्टही येतात. ते भलत्या टोकाला गेले असते, तर चाळीस वर्षांचा बोर्ड क्षणात गेला असता. तसा नवा बोर्ड आता कुणी बनवत नाही.

त्याने सगळ्या वायरी सोडवल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा मोजलं. मग बोर्ड बसवला. पडद्यावर सिंह आला, विदूषक आला. पोरगा फोनवर लहान मुलासारखा ओरडला, "ताई, हे तुझ्यामुळे झालं!"

त्या रात्री मी माझाच फॉर्म काढून पाहिला. कौशल्याचा रकाना माझाही कोराच होता.

आता एक सूचना. घरातल्या विजेच्या बोर्डाला असा हात लावू नका, ते वायरमनचं काम. पण जोडकामाची ती रीत लक्षात ठेवा. आधी कागदावर मांडायचं, खुणा करायच्या, उलट-सुलट बघायचं आणि मोल्यवान वस्तू जोडण्याआधी तपासायचं. शिवणाला, पापडाच्या हिशेबाला, कर्जाच्या कागदांनाही ती लागू पडते.

आणि कोरे आलेले फॉर्म मी परत पाठवतेय. कांद्याची चाळ भरता येते, म्हशीचं बाळंतपण करता येतं, शंभर माणसांच्या जेवणाचा अंदाज बांधता येतो, हे सगळं त्या रकान्यात लिहा. हेल्पर म्हणून केलेलं कामही लिहा. गटाला पुढे कुठलं काम मागायचं, कुठलं प्रशिक्षण मागायचं, हे त्याच रकान्यावरून ठरणार आहे. तो कोरा राहिला, तर दुसरं कुणीतरी आपल्यासाठी ठरवेल.

माझा मी भरलाय. पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'वायरिंग जोडकाम, तीन वर्षं'. पुढच्या बैठकीत तुमचे फॉर्म घेऊन या.